पसंतीवर आणलेले तीन ट्रान्झिस्टर

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदम विकत घेतली जात नसे. ती आधी पसंतीवर येत असे. ओळखीच्या दुकानातून वस्तू घरी आणायची, आठ-पंधरा दिवस पाहायची, आणि मग ठेवून घ्यायची की परत करायची ते ठरवायचं, ही तेव्हा नागपुरातल्या पुष्कळ घरांची रीत होती. साड्या यायच्या, चपला यायच्या, पाणी भरायचे तांब्याचे गुंडसुद्धा यायचे. आमच्या बाबांनी मात्र त्या रीतीचं पार शास्त्र करून टाकलं होतं. एका पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी छत्री पसंतीवर आणली. मला अंगणात छत्री उघडून उभं केलं आणि आईला स्टुलावर चढवून वरून बादलीभर पाणी ओतायला लावलं. छत्री गळली नाही. तरीही दुसऱ्या दिवशी ती परत गेली, कारण काय, तर दांडा हातात बसत नाही म्हणे. ओली छत्री हातात धरून तो दुकानदार बाबांकडे कसा पाहत होता ते मला अजून आठवतं.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढण्यात दिवस गेला की संध्याकाळी ते दुकानदारांच्या वस्तूंत चुका काढायला मोकळे व्हायचे. बर्डीच्या बाजारातले दुकानदार त्यांना लांबून येताना पाहूनच कुलूप शोधत असतील, अशी माझी खात्री आहे. पण बाबा शब्दाचे पक्के होते. घेतली तर रोख पैसे देऊन घ्यायचे, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

तर अशा या घरात माझं लग्न ठरलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. स्थळ भिवापूरकडचं. मिरचीची शेती, पक्कं घर, मुलगा तिकडच्याच एका सोसायटीत नोकरीला. मुलाकडचे पाहायला आले ते फार तर अर्धा तास बसले. आईने कोथिंबिरीची सांबारवडी केली होती. मुलाने तीन वड्या खाल्ल्या, मला माझं नाव विचारलं, जे त्याला आधीपासून माहीत होतं, आणि स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं. मी मान खाली घालून बसले होते, त्यामुळे मला त्याचे बूट तेवढे दिसले. बूट बरे होते. पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच बाबा आईला म्हणाले, "चांगलं घर आहे. नाही म्हणासारखं काहीच नाही." छत्रीला पंधरा दिवस आणि नवऱ्याला अर्धा तास, हा हिशेब मला त्या वेळीही कळला होता, पण माझं मत विचारायची रीत नव्हती.

मग देण्याघेण्याची बैठक झाली. मुलाचे वडील तोंडाने मोठे गोड. "आमचं काही म्हणणं नाही, तुम्ही तुमच्या पोरीले काय द्याचं ते द्या," असं म्हणत म्हणत त्यांनी भांडी, कपडे, मानपान सगळं वदवून घेतलं आणि उठता उठता म्हणाले, "अन् पोराले जपानी ट्रान्झिस्टरची हौस हाये. तेवढी हौस पुरवा, बस्स." लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. माझी परीक्षा त्यापुढच्या उन्हाळ्यात होती. ती कोणालाच आठवली नाही. मी आईला आठवण करून दिली तर ती म्हणाली, "तिकून येऊन देजो न वं परीक्षा. कोण नाही म्हणते?" कोण नाही म्हणेल ते मला चांगलं माहीत होतं. बैठकीतच मुलाचे वडील म्हणाले होते की आमच्या घरच्या बायकांना मिरची वाळवायला बी.ए. लागत नाही. सगळे हसले होते. बाबाही हसले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकलं आणि रात्रीचं जेवले नाही. मला परीक्षा द्यायची होती, पास व्हायचं होतं, आणि त्यानंतर काय ते निदान मला विचारून व्हावं एवढंच वाटत होतं.

पण घरात आता ट्रान्झिस्टरशिवाय दुसरा विषय उरला नाही. बाबांनी बर्डीवरच्या एका दुकानातून दोन पसंतीवर आणले. एक खरा जपानी. कोणीतरी परदेशातून आणलेला आणि गरजेपोटी दुकानात विकायला ठेवलेला. त्याची किंमत ऐकून आई खालीच बसली. दुसरा देशी कंपनीचा, चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरातला, वर्षभराच्या गॅरंटीचा. तिसरा मामाने जरीपटक्याच्या बाजारातून आणला. त्याचा डबा जपानी वाटावा असा होता, वर चंदेरी अक्षरं होती, आणि आतलं सगळं काम इथलंच जुळवलेलं होतं. दुकानदाराने हे मामाला स्वतःहून सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. किंमत देशीच्याही निम्मी. मामा आमच्या घराण्यात यंत्रांचा जाणकार समजला जाई, कारण त्याने एकदा गजराचं घड्याळ उघडलं होतं. ते परत कधी चाललं नाही, पण उघडलं होतं ही गोष्ट खरी.

मग सुरू झाली परीक्षा. माझी नव्हे, ट्रान्झिस्टरांची. तिघांवर अन्याय होऊ नये म्हणून बाबांनी सेलची एकच जोडी आणली होती. ते सेल एकातून काढून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात घालायचं काम माझ्याकडे. सकाळी मीडियम वेव्ह, संध्याकाळी शॉर्ट वेव्ह. स्वयंपाकघरात चुलीजवळ, गच्चीवर, न्हाणीघरात, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लावून. रेडिओ सिलोन कोणात स्वच्छ लागतं, खरखर कोणात कमी, कोणाचा आवाज मोठा केल्यावर फाटतो. आवाज किती लांब जातो ते पाहायला बाबा मला गल्लीच्या टोकाला उभं करायचे आणि ऐकू येतंय तोवर हात वर धरायला सांगायचे. बी.ए.ला बसलेली मुलगी गल्लीच्या तोंडाशी हात वर करून उभी. येणारेजाणारे विचारायचे, "काहून वं, काय झालं?" मी सांगायचे, "माझं लग्न ठरलं आहे." यापेक्षा खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

लायसन्सची भानगड वेगळीच. तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. वस्तू अजून आपली नाही, मग लायसन्सचे पैसे आपण काहून भरायचे, असा बाबांचा सवाल होता. म्हणून बिनलायसन्सचे तीन तीन ट्रान्झिस्टर घरात, आणि दारात पोस्टमन दिसला की आई त्यांच्यावर गोधडी टाकून स्वतः त्यावर बसायची. बिचारा पोस्टमन पत्र देऊन निघून जायचा. सरकारी नोकरीतल्या माणसाला आपल्याच घरात चोरासारखं बसावं लागतं आहे याचं बाबांना काहीच वाटत नव्हतं.

गल्लीतले लोक रोज संध्याकाळी मत द्यायला येऊ लागले. चहा आमचा, मत त्यांचं. कोणी म्हणे महागाची वस्तू एकदाच रडवते. कोणी म्हणे जपानी बिघडला तर सुटा भाग कुठून आणाल, जपानहून? मामा प्रत्येक ट्रान्झिस्टर हातात तोलून पाहायचा, मागच्या बाजूने हुंगायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, आवाज कोणाले समजते? डबा पाहतेत लोक. जरीपटक्याचाच घ्या." बाबा जपानी लावून डोळे मिटायचे आणि किंमत आठवली की उघडायचे. सगळे नाकाने कांदे सोलत होते, आणि ज्या माणसासाठी हे चाललं होतं त्याचा स्वभाव कसा, तो रागीट आहे का, पितो का, एखादं पुस्तक तरी हातात धरतो का, हे विचारायला त्या गर्दीतल्या एकालाही सुचलं नाही.

एका संध्याकाळी सेल बदलून बदलून माझी बोटं दुखत होती. मी म्हटलं, "बाबा, मले बी नवरदेव पंधरा दिवस पसंतीवर आणून द्या."

आईने कपाळावर हात मारला. मामा हसायला लागला. बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "नवरदेव काय दुकानातली वस्तू आहे?"

"मंग त्याची किंमत काहून ठरवून राहिले?"

बाबांनी जपानीचा आवाज मोठा केला. तो खरंच छान वाजत होता.

आणि माझी इच्छा एका परीने पुरी झाली. मुलाने आपल्या आईला गुडघ्यांसाठी धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे आणलं होतं. तिला तिथे ठेवून तो संध्याकाळी आमच्याकडे आला. बाबा हरखले. ज्याची हौस त्यानेच पसंत करावी, म्हणजे पुढे बोल नाही. चटईवर तिन्ही ट्रान्झिस्टर मांडले गेले. मुलगा मांडी घालून बसला, आणि दिवे लागायच्या आधीपासून ते जेवणाची वेळ होईपर्यंत उठला नाही. मी चहा दिला, वडी दिली, पाणी दिलं. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. त्यामुळे मी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला पोटभर पाहून घेतलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तो मला बरा वाटला. त्याने जपानी लावला, काटा हलक्या हाताने फिरवला, सिलोनवर एक जुनं गाणं लागलं. तो मान थोडी तिरपी करून ऐकत राहिला. ज्याला गाणं असं ऐकता येतं त्याच्याजवळ परीक्षेचं बोलता येईल, असं माझ्या मनात आलं. सांगू नये, पण मी पदर सारखा केला.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "हा तर सोनं हाये. केवढ्याले?"

बाबांनी किंमत सांगितली. त्याने शीळ घातली. मग मामाच्या ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवून विचारलं, "अन् हा?"

मामाने सांगितली. मुलाने तो उलटापालटा केला, चंदेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला. लावून पाहिला नाही. मग बाबांच्या जवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणाला, "मामंजी, असं करा. हाच द्या. वरून जपानीच दिसते, आमच्या गावात कोणाले समजून राहिलं? अन् दोघांच्या किमतीतला जो फरक, तो मले रोख देऊन द्या."

मला वाटलं बाबा आता संतापतील. पण मामाने मांडीवर थाप मारली. "वा! याले म्हणते डोकं!" आणि बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की जणू त्यांना स्वतःचाच हरवलेला मुलगा सापडला. "पोरगा व्यवहारी आहे," ते आईकडे पाहून म्हणाले. "संसार नीट करन."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आताच मान तिरपी करून ज्या आवाजाला सोनं म्हणाला, तो या माणसाने पाच मिनिटांत मोडीत काढला होता. त्याला गाणं समजत नसतं तर मला इतका राग आला नसता. त्याला समजत होतं आणि तरी त्याने ते विकलं. उद्या माझं काय करील हे मला लख्ख दिसलं. मी दारातून बाहेर आले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझंबी तसंच करा न. मी बी.ए.ले आहो, महाग पडीन. मॅट्रिकवाली पाहा अन् वरचे पैसे रोख मागून घ्या. लोकांले काय, बायको दिसली म्हंजे झालं."

पाहुण्याने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याचे डोळे कसे होते हे मला त्या क्षणी कळलं, आणि पुढे पाहायची गरज उरली नाही. तो उठला, बूट घातले आणि ताटं मांडलेली असताना निघून गेला. आई रडायला लागली. मामा म्हणाला, पोरीला शिकवलं त्याची ही फळं. बाबांनी तिन्ही ट्रान्झिस्टर उचलून कपाटात ठेवले.

दोनतीन दिवसांनी मुलाचे वडील आले. मला वाटलं लग्न मोडायला आले. आईलाही तेच वाटलं. ती त्यांच्यापुढे पदर पसरायच्या बेतात होती. पण ते अगदी हसतमुख. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "झालं ते झालं. आम्ही काही सोयरीक तोडत नाही. पण पोरगी तोंडाची तेज हाये, हे तवा मालूम नोतं. आमच्या पोराले जिंदगीभर निभवा लागन. तर त्याच्यापायी एक घड्याळ चढवा."

माझ्या जिभेचा दंड म्हणून मनगटी घड्याळ. दाराआड उभ्या उभ्या मला हसू फुटलं आणि पाठोपाठ धडकी भरली, कारण आईने तेवढ्यात मान डोलावली होती.

बाबा म्हणाले, "ठरलं त्याच्यात घड्याळ नव्हतं."

"नोतंच. म्हणून तं आता म्हणून राहिलो."

"तुम्ही पोरीले पाहून गेले होते."

"पाहून गेलो होतो. आयकून नोतो गेलो." पाहुणे स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसले.

बाबा हसले नाहीत. मी त्यांना दुकानात भाव पाडताना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. छत्रीवाला, चपलावाला, भांडेवाला, यांतल्या कोणीही ठरल्यावर वर एक पैसा मागितला नव्हता. मागायची पद्धतच नव्हती. बाबा म्हणाले, "मंग नाही."

"नाही म्हंजे?"

"नाही म्हंजे नाही. एकदा ठरलं की ठरलं. ठरल्यावर वाढवणाऱ्याच्या घरी मी काहीच देत नसतो."

आईने दारातून हाक मारली. बाबांनी वळून पाहिलं नाही. पाहुणे गडबडले. एवढ्या लवकर दुकान बंद होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते मागणीत खाली उतरायला लागले. घड्याळ राहू द्या, सायकल द्या. सायकल नाही तर जावयाला एक अंगठी. शेवटी म्हणाले, "चला, काहीच नका देऊ. जपानी ट्रान्झिस्टर ठरला तो तं द्यान न?"

"तो तुमच्या पोरानं नाही म्हटलं," बाबा म्हणाले. "स्वस्तातला द्या म्हणे अन् फरक रोख द्या."

मुलाने घरी हे सांगितलंच नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, टोपी सारखी केली आणि जिना उतरले. त्यांची तेवढ्यापुरती मला दया आली.

घरात त्यानंतर दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. आई म्हणे, एका घड्याळापायी पोरीचं नुकसान केलं. मामाने येणं बंद केलं आणि आपला ट्रान्झिस्टर तेवढा घेऊन गेला. मी खूश होते, पण मनात काटा होता. बाबांनी हे माझ्यासाठी केलं नव्हतं, हे मला पुरतं कळत होतं. माझ्या सुखाचा, माझ्या परीक्षेचा, माझ्या आयुष्याचा तिथे संबंधच नव्हता. त्यांचा खरेदीचा नियम मोडला गेला, म्हणून मी वाचले. मुलाच्या बापाने घड्याळ पहिल्याच बैठकीत मागितलं असतं तर बाबांनी घासाघीस करून दिलं असतं, आणि मी त्या वर्षी भिवापुरात मिरच्या पसरत बसले असते. बापाने वाचवलं असं म्हणावं तर कोणत्या तोंडाने म्हणावं?

रविवारी बाबांनी मला ट्रान्झिस्टर धरायला सोबत घेतलं. सायकलच्या कॅरिअरवर मी, मांडीवर दोन ट्रान्झिस्टर. बर्डीवर दुकानदाराने ते पुसून पाहिले, वाजवून पाहिले. मग बाबांकडे पाहिलं आणि एक नजर माझ्याकडे टाकून दबक्या आवाजात विचारलं, "क्यों साहब, शादी टूट गई क्या? लडकी पसंद नहीं आई उनको?"

दुकानात आणखी दोघंतिघं होते. मी मान खाली घातली. बाबा नेहमीच्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पसंत होती. भाव ठरल्यावर वाढवून मागून राहिले होते. माल एवढा चोख असल्यावर मी वरून पैसे काहून देऊ?"

माल म्हणजे मी. आयुष्यभरात बाबांनी चार लोकांत माझं केलेलं हे एकुलतं एक कौतुक. बाहेर येऊन त्यांनी सायकल काढली, मी मागे बसले, आणि थोडं पुढे गेल्यावर ते वळून न पाहता म्हणाले, "परीक्षा केव्हा आहे वं तुझी?" मला रडू आलं. ते रडू कशाचं होतं, त्यांनी मला चोख म्हटलं याचं की माल म्हटलं याचं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.